डोलोमाइट्स: चालायला कधी जावं, स्कीइंगला कधी, आणि कुठे कुठे अडतं

ईशान्य इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये मी उन्हाळ्यात चाललो आहे आणि हिवाळ्यात स्कीइंगही केलं आहे. दोन्ही एकाच फेरीत उरकू म्हणणारे बरेच भेटतात. ते जमत नाही. डोंगरातली मुक्कामाची घरं, ज्यांना तिथे रिफुजिओ म्हणतात, साधारण 20 जूनच्या सुमाराला उघडतात आणि सप्टेंबरअखेर मिटतात. स्कीइंगच्या लिफ्ट डिसेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत चालतात. मधल्या काळात बहुतेक लिफ्ट बंद, खोऱ्यातली बरीच हॉटेलंही बंद. आपली गोची अशी की मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी, दोन्ही नेमक्या या मधल्या काळात येतात. मेमध्ये स्वस्त तिकीट मिळालं म्हणून गेलात तर वर डोंगरातल्या घळींमध्ये बर्फ आणि खाली कुलपं, एवढंच बघून परत याल.

चालायचं ठरलं की आधी रिफुजिओ, मग व्हिसा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान 15 दिवस आधी तरी द्यावा लागतो. रिफुजिओची बुकिंगं मात्र आदल्या हिवाळ्यातच सुरू होतात, आणि जुलै-ऑगस्टच्या जागा मार्चपर्यंत बऱ्याचशा भरतात. आल्ता विया 1 ही लागो दी ब्राएसपासून बेल्लुनोपर्यंतची साधारण 120 किलोमीटरची वाट करायची असेल तर पहिल्या मुक्कामापासून क्रमाने बुकिंग करत बसू नका. सर्वात आधी भरणारा मुक्काम पकडा, उदाहरणार्थ 2752 मीटरवरचं लागाझुओई. तिथली तारीख मिळाली की बाकीचे मुक्काम तिच्या मागेपुढे बसवता येतात.

विम्याचं कलम मात्र शब्द न् शब्द वाचा. व्हिसासाठी 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण पुरतं, पण साध्या प्रवास विम्यात स्कीइंग आणि दोर लावलेल्या वाटा बहुधा वगळलेल्या असतात. काही पॉलिसींत उंचीचीही मर्यादा असते. साहसी खेळांचं वेगळं कलम जोडून घ्या, आणि त्यात हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द आहेत का ते पाहा. आणीबाणीचा नंबर 112. जखम नसताना, नुसतं दमून हेलिकॉप्टर बोलावलं तर त्याचं बिल येतं आणि ते चांगलंच जड असतं.

रिफुजिओत रात्रीचं जेवण, नाश्ता आणि सामायिक खोलीतला बिछाना मिळून साधारण 65 ते 90 युरो पडतात. झोपायला स्वतःचं पातळ लायनर, म्हणजे पिशवीसारखी शिवलेली चादर, सक्तीचं असतं. मी रेशमी नेतो, दीडशे ग्रॅममध्ये काम भागतं. बूट दारातच काढायचे, दहाला दिवे बंद. रोख पैसे जवळ ठेवा, कारण वरचं कार्ड मशीन नेटवर्कच्या मर्जीवर चालतं. तंबू आणि स्टोव्ह नेऊच नका, निसर्ग उद्यानांत तंबू ठोकायला बंदी आहे. त्यामुळे पाण्यासकट सॅक आठ-नऊ किलोच्या वर जायचं कारणच नाही.

पाण्याचा हिशेब मात्र सह्याद्रीपेक्षा वेगळा. तिथला खडक भेगाळ, पाणी मुरून खाली जातं, म्हणून उंचावर झरे फार कमी. बऱ्याच रिफुजिओंत नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं आणि बाटली विकत घ्यावी लागते. दोन लिटर भरूनच निघा. शाकाहारी माणसाचं टोमॅटो पास्ता, मक्याची पोलेंटा आणि भाज्यांचं सूप यांवर निभतं. पण सुपात आणि पालकाच्या गोळ्यांतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. शाकाहारी आहोत असं बुकिंग करतानाच लिहा.

वाटेवरच्या पाट्या किलोमीटर सांगत नाहीत, तास सांगतात, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आल्प्समध्ये रूढ असलेला हिशेब असा: चढ तासाला 300 मीटर, उतार 500 मीटर, सपाटी चार किलोमीटर. चढउताराचा आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, आणि मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा अर्धा मिळवायचा. आल्ता विया 1 जिथून सुरू होते ते ब्राएस तळं 1494 मीटरवर आहे, त्या वाटेवरची पहिली खिंड 2388 वर. म्हणजे चढाला तीन तास, सहा किलोमीटरला दीड तास, एकूण पावणेचार. सामान आणि फोटो धरून पाच तास ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज कडाडते, म्हणून सातला निघून एकच्या आत धारेवरून खाली यायचं. पहिल्या महायुद्धात सैन्याने वापरलेल्या लोखंडी दोरांच्या वाटा, विया फेराता, इथे जागोजागी आहेत. विजेच्या वेळी त्या दोरावर असणं म्हणजे जिवाशी खेळ.

याच फेरात्यांवर आपल्याकडचे चांगले क्लाइंबर गफलत करतात. हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) आणि दोन कॅराबिनर (उघडमीट होणाऱ्या धातूच्या कड्या) लावले की झालं, असं त्यांना वाटतं. पडल्यावरचा झटका ठरतो तो पडण्याची लांबी भागिले दोराची लांबी या आकड्यावर. नेहमीच्या क्लाइंबिंगमध्ये तो जास्तीत जास्त दोन होतो. फेरात्यावर तुम्ही दोन खुंट्यांच्या मधून थेट खालच्या खुंटीपर्यंत घसरता. चार-पाच मीटर पडणं आणि जेमतेम मीटरभर स्लिंग. आकडा चार-पाचावर जातो, आणि तो झटका स्लिंग तरी तोडतो नाहीतर कंबर. म्हणून झटका शोषणारी शिवलेली पट्टी असलेला फेराता संचच हवा. तो 40 ते 120 किलो वजनासाठी असतो आणि खोऱ्यातल्या दुकानांत भाड्याने मिळतो. खुंटीपाशी एक कॅराबिनर पुढे लावल्यावरच दुसरा काढायचा. जूनमध्ये उत्तरेकडच्या घळीत कडक बर्फ असेल तर बुटांना लावायचे काटे हवेत, नाहीतर घसरत थेट तळाशी.

आता हिवाळा. नाताळ ते 6 जानेवारी आणि फेब्रुवारीतले कार्निव्हलचे आठवडे टाळा. जानेवारीचा उत्तरार्ध आणि मार्च नवशिक्याला सोयीचे. सगळ्या भागांतल्या लिफ्टना मिळून चालणारा डोलोमिती सुपरस्की पास 1200 किलोमीटर उतारांचा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत तुम्ही त्यातला अर्धा किलोमीटरसुद्धा वापरणार नाही. शिकाऊ पट्ट्यावर स्थानिक पास किंवा पॉइंटचं कार्ड (प्रत्येक लिफ्टला पॉइंट कापणारं) पुरतं. शिकायला आल्पे दी सिउसीचं पठार उत्तम, सौम्य उताराचं. दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा इटलीत 2022 पासून स्कीइंगला सक्तीचा आहे आणि तो पाससोबतच विकत घेता येतो. नोव्हेंबर 2025 पासून हेल्मेटही सर्व वयांना सक्तीचं झालं आहे.

बुटांच्या दुकानात घाई करू नका, सगळा आठवडा त्यावर ठरतो. माप पावलाच्या लांबीचं असतं, सेंटिमीटरमध्ये. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवताच सुटला पाहिजे. ‘थोडे सैल बरे’ म्हणून एक माप मोठे घेतले की टाच उचलली जाते, स्की वळत नाही आणि तोल सावरताना नडगी सोलून निघते. पायमोजा एकच, लांब आणि पातळ. आतल्या पायजम्याची घडी बुटात गेली तर दुपारपर्यंत तिथे निळं पडतं.

बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या खटक्याचा, आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य यांवरून लावतात. खरं वजन सांगा आणि ‘नवशिका’ म्हणायला लाजू नका. फुशारकीने आकडा वाढला की पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा पिळतो. वजन कमी सांगितलंत तर भलत्याच वळणावर सुटते. स्की चढवण्याआधी बुटाचा तळ काठीने खरवडा. चिकटलेला बर्फ बोटभर असला तरी टाच खटकन बसत नाही, आणि अर्धवट बसलेली बाइंडिंग पहिल्याच वळणाला निघते.

उतारांचे रंग निळा, लाल, काळा असे चढत्या अवघडपणाचे. बर्फ बहुतेक यंत्राने पाडलेला, त्यामुळे सकाळी काचेसारखा टणक. दक्षिणेकडच्या उतारावर दुपारी त्याचा चिखल होऊन उंचवटे पडतात. सकाळी ऊन आलेल्या बाजूला शिका. पुढे असलेल्याचा हक्क पहिला, आणि थांबायचं ते कडेला, वळणाच्या किंवा उंचवट्याच्या मागे कधीच नाही.

लाल उतार आत्मविश्वासाने जमू लागला की सेल्ला रोंदा करावी. सेल्ला डोंगराभोवती चार खिंडींतून लिफ्टसकट सुमारे 40 किलोमीटरचा फेरा आहे. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेने, हिरव्या उलट. पाच-सहा तास लागतात. दहाच्या आत निघा, आणि शेवटची खिंड साडेतीनच्या आत पार झाली पाहिजे, कारण लिफ्ट कुणासाठी थांबत नाहीत. साडेबाराला दुसरी खिंड ओलांडलेली नसेल तर आल्या वाटेने परत फिरा. वारा सुटला की खिंडीतली लिफ्ट अचानक बंद करतात, म्हणून निघण्यापूर्वी तळाच्या फलकावर कोणत्या लिफ्ट चालू आहेत ते पाहा. परक्या खोऱ्यात अडकलात तर टॅक्सी डोंगराला वळसा घालून नेते, आणि ती महाग पडते.