पपईच्या बियांतला हरवलेला चौथा हिस्सा

शहादा तालुक्यात माझ्या मामांची पपईची बाग आहे. तिथे एका खड्ड्यात तीन रोपे लावतात आणि पाच-सहा महिन्यांनी फुले दिसू लागली की एक ठेवून बाकीची कोयत्याने छाटतात. गेल्या श्रावणात मी बांधावर उभी असताना मामा म्हणाले, "तुम्ही लोक वनस्पतीशास्त्र शिकवता. मग सगळीच लांब फळांची झाडं निघतील असं बी अजून कुणी का नाही काढलं?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात सपुष्प वनस्पतींमध्ये नर-मादी हा भेद कसा निर्माण होतो, याचा मोठा भाग सामावलेला आहे.

बहुतेक फुलझाडे एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही बाळगतात. नर आणि मादी झाडे पूर्णपणे वेगळी असणाऱ्या जाती शेकड्यात पाच-सहाच भरतात. पपई त्यांतली एक. मात्र लागवडीतील पपईत नर, मादी आणि उभयलिंगी (एकाच फुलात दोन्ही केसर असणारी) अशी तीन प्रकारची झाडे आढळतात. मामांना हवी असलेली लांब फळे उभयलिंगी झाडाला येतात, मादीची फळे गोल असतात. मादीचे फूल मोठे, खोडाला चिकटून येणारे. त्याच्या पाकळ्या बाजूला केल्या तर आत फक्त फुगीर अंडाशय दिसतो, पुंकेसरांचा मागमूसही नसतो. नराची फुले लांब लोंबत्या दांड्यावर घोसाने येतात. त्या दिवशी मामांनी छाटलेल्या नराचे एक फूल मी नखाने उभे चिरून त्यांना दाखवले. नळीच्या तोंडाशी दहा पुंकेसर होते आणि त्यांच्या मधोमध काट्याएवढा, वांझ स्त्रीकेसर उभा होता. या झाडाचे पूर्वज उभयलिंगी होते, याची ती शिल्लक राहिलेली खूण आहे. नराला ऋतुमानानुसार कधीकधी लोंबत्या दांड्यावर फळे धरतात तीही याच अवशेषामुळे. मादी मात्र कधीच आपले रूप बदलत नाही.

उभयलिंगी पूर्वजापासून नर आणि मादी वेगळे व्हायचे तर किमान दोन जनुकीय बदल लागतात: एक पुंकेसर निकामी करणारा आणि दुसरा स्त्रीकेसर निकामी करणारा. हे दोन बदल पुढच्या पिढीत अदलाबदल होऊन एकाच झाडात आले, तर ते झाड ना बाप होईल ना आई. म्हणून हे दोन बदल गुणसूत्राच्या ज्या भागात असतात, तिथे जोडीतल्या दोन गुणसूत्रांमधली जनुकांची देवाणघेवाण थांबणे फायद्याचे ठरते. डेबोरा आणि ब्रायन चार्ल्सवर्थ या दांपत्याने १९७८ साली ही मांडणी केली आणि मला ती आजही या विषयातली सर्वांत सुंदर मांडणी वाटते. पपईत हे जवळजवळ जसेच्या तसे दिसते. तिच्या गुणसूत्रांच्या नऊ जोड्यांपैकी एका जोडीत असा बंद पडलेला भाग आहे. एक्स गुणसूत्रावर तो डीएनएच्या सुमारे ३५ लाख अक्षरांचा आहे, तर उभयलिंगी झाडातील वाय गुणसूत्रावर सुमारे ८१ लाख अक्षरांचा. त्यात दोन मोठे तुकडे उलटे फिरलेले आहेत, त्यामुळे जोडीदाराशी ते जुळूच शकत नाहीत.

देवाणघेवाण थांबली की बिघडलेली जनुके दुरुस्त होण्याची वाटही बंद होते. पपईच्या वाय गुणसूत्राने अशी काही जनुके गमावली आहेत की ज्या गर्भाला दोन्हीकडून वायच मिळतो, तो बी तयार होण्याआधीच मरतो. मामांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मादीकडे दोन एक्स असतात, नराकडे एक एक्स आणि एक वाय, तर उभयलिंगी झाडाकडे एक एक्स आणि वायचेच किंचित वेगळे रूप. उभयलिंगी झाड स्वतःच्याच परागाने फळले की चारातला एक गर्भ मरतो, एक मादी होतो आणि दोन उभयलिंगी होतात. म्हणून अशा बियांतून दोनास एक हे प्रमाण कायम राहते आणि कितीही पिढ्या निवड केली तरी शुद्ध उभयलिंगी बी मिळत नाही. हे प्रमाण दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर आणि हवाईत स्टोरी यांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते, तेव्हा पपईचे वाय गुणसूत्र कुणी ओळखलेही नव्हते.

खड्ड्यातली तीन रोपे हा या गणितावरचा शेतकऱ्यांचा तोडगा आहे. एकच रोप लावले तर ते मादी निघण्याची शक्यता तिनात एक. तीन लावली तर तिन्ही मादी निघण्याची शक्यता सत्तावीसात एक. पूर्वी वॉशिंग्टनसारख्या निव्वळ नर-मादी जाती असत, तेव्हा तिन्ही रोपे नर निघण्याची शक्यता आठात एक असे, शिवाय परागासाठी थोडे नर मुद्दाम राखावे लागत.

मला सर्वांत जास्त भावते ती उभयलिंगी रूपाची कथा. जंगली पपईत नर आणि मादी एवढेच असतात. नराचे वाय आणि उभयलिंगी झाडाचे वाय यांत अत्यल्प फरक आहे आणि त्यावरून ती दोन्ही सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळी झाली, असा हिशोब निघतो. म्हणजे मध्य अमेरिकेत माणूस शेती करू लागल्यानंतर, कुणीतरी फळ देणारे एखादे नरासारखे झाड तोडण्याऐवजी राखले आणि त्याचे बी पुढे पेरत राहिले. बाजाराला आज हवे असलेले लांबट, जाड गराचे आणि लहान पोकळीचे फळ त्या निवडीतून आले आहे.

हे सगळे ऐकून मामांनी विचारले, "मग आंब्यासारखं कलम करायचं का?" कलमाने किंवा ऊतीसंवर्धनाने एकाच उभयलिंगी झाडाच्या हुबेहूब प्रती मिळतात, हे खरे आहे. कोकणातल्या जायफळाच्या बागांत मादीची कलमे लावतात ती याचसाठी, कारण बियांपासून वाढवलेले जायफळ नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षे जातात. पपईत ते पाच-सहा महिन्यांत कळते आणि बाग दोन-तीन वर्षांत मोडते, त्यामुळे कलमाचा खर्च अंगावर येतो. मामांनी मान हलवली आणि कोयता घेऊन ते पुढच्या खड्ड्याकडे वळले. तिथे दोन लांबट अंडाशयाची फुले होती आणि एक गोल.