तुम्ही विचारलंत म्हणून: काटाघरात अजून ती निळी स्क्रीन का?

"काऊन जी भाऊ, आता सगळं मोबाईलवर होते, अन् तुमी अजून अक्षरांच्या खिडक्या काढून रायले?" पांढरकवड्याकडच्या जिनिंगवर काटाघरात नवीन माणूस आला की हे विचारतोच, आणि आता कॉलेजची पोरंही मेसेज करून तेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. काटाघराचा वजन-पावतीचा प्रोग्राम मी लिहिलाय, आणि त्याची स्क्रीन चित्रं-आयकॉन नसलेली, निव्वळ अक्षरांनी काढलेल्या खिडक्यांची आहे.

आधी काटाघर बघा. सीझनमधे कापसाच्या गाड्यांची लाईन पार रोडपर्यंत गेलेली असते, भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ओलावा बघतात, भाव ठरतो, मग गाडी खाली होऊन रिकामं वजन आणि पावती. मुनीमजी हे सगळं कीबोर्डवरून नजर न हलवता करतात. गाडी नंबर, एंटर, नाव, एंटर, ओलावा, एंटर. मधे माऊस आला की हात थांबतो आणि मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवायला लागतो. शिवाय उडत्या कापसाची धूळ, जुना कॉम्प्युटर, आणि लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही. अशा जागी ब्राऊझर उघडून पान लोड व्हायची वाट बघणं मला पटत नाही, अजिबात नाही.

अशा खिडक्या काढायला मी वापरतो ती जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, तिचं नाव लँटर्ना. हिच्या आधीही असं होतं, चार्व्हा नावाची होती, तिचे क्लास जवळजवळ स्विंगसारखेच (स्विंग म्हणजे जावाचं स्वतःचं खिडक्या काढायचं साधन), पण खाली एनकर्सेस ही जावाबाहेरची लायब्ररी लागायची, म्हणजे प्रत्येक मशीनवर ती वेगळी बसवा. जेक्सर पण आहे, ज्यांनी कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर प्रोग्राम लिहिले त्यांना ती बघताक्षणी ओळखीची वाटेल. लँटर्ना मला आवडली कारण ती निव्वळ जावात आहे, एक जार फाईल टाकली की झालं.

तिचे तीन थर आहेत. सगळ्यात खाली टर्मिनल, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणारी स्क्रीन, तिथं कर्सर हलवायचा नि रंग बदलायचा, त्यासाठी १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल मशीनपासून चालत आलेले एस्केप कोड, म्हणजे अक्षरांतूनच पाठवायचे हुकूम. त्यावर स्क्रीन. आणि सगळ्यात वर खिडक्या, पॅनल, बटन, टेबल, टेक्स्टबॉक्स. मला खरी किंमत कळली ती मधल्या थराची. तुम्ही काय काढाल ते आधी मागच्या बफरमधे, म्हणजे मेमरीतल्या कच्च्या चित्रात जातं, आणि रिफ्रेश म्हटलं की ती आधीच्या चित्राशी ताडून फक्त बदललेले चौकोन पाठवते. अख्खं अंगण सारवायच्या ऐवजी जिथं उखडलं तिथंच हात फिरवावा तसं. त्यामुळं रात्री काट्यावरून फोन आला तर मी घरून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, एसएसएचनं (दूरच्या कॉम्प्युटरवर टर्मिनलमधून काम करायची सोय) तीच स्क्रीन उघडतो आणि ती चालते, रेंजची एकच काडी असली तरी.

वजनाच्या खिडकीबद्दल पोरं जास्त विचारतात. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून सतत आकडे फेकत असतो, ते वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधेच सोबत चालणारं दुसरं काम असतं. त्या थ्रेडमधून थेट लेबल बदलायचं नाही, जीयूआयच्या, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या थ्रेडला इन्व्होकलेटर या मेथडनं काम द्यायचं, नाहीतर दोन थ्रेड एकाच खिडकीवर झोंबतात. ओलाव्याच्या टेक्स्टबॉक्सला व्हॅलिडेशन पॅटर्न लावलाय, आकडा आणि टिंब सोडून दुसरं काही दाबलं तर ते उमटतच नाही. आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की मधोमध मोडल खिडकी येते, ती बंद केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारी सरकारी कंपनी, हमीभावात घेते तेव्हा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मधे कपात आणि १२ च्या वर माल घेतच नाही, हे इथं प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतं, म्हणून हा आकडा चुकून पुढं सरकू नये याची मला फार काळजी असते. त्या एका आकड्यावर कोणाच्यातरी वर्षभराच्या पिकाचे पैसे ठरतात.

आता मराठीचं. इथं टर्मिनल कमी पडतं आणि मला ते मनापासून खटकतं. टर्मिनल म्हणजे चौकोनांची जाळी, एक अक्षर एक चौकोन. आपलं "ज्ञानेश्वर" मधलं जोडाक्षर नि मात्रा किती चौकोनांत बसवायचे यावर लायब्ररीचं गणित एक निघतं आणि टर्मिनलचं दुसरं, मग खिडकीची उजवी चौकट वाकडी होते. त्यामुळं स्क्रीनवर नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली, आणि पावती मात्र मराठीत. पावती जावाच्या ग्राफिक्सनं काढतो, जावा ९ पासून त्यात अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे, जोडाक्षरं बरोबर येतात. गावांची नि शेतकऱ्यांची मराठी नावं एका टेबलात भरून ठेवलीत, मुनीमजी कोड टाकतात. कास्तकाराच्या हातात जो कागद जातो तो त्याला वाचता आलाच पाहिजे, त्यावर मी तडजोड केली नाही.

ज्यांना शिकायचंय त्यांनी एकदम खिडक्यांवर उडी मारू नका. आधी स्क्रीनच्या थरावर एक अक्षर ॲरो कीनं इकडंतिकडं फिरवून बघा, रिफ्रेश कधी करायचं ते हाताला बसू द्या. लिनक्स नसलं तरी अडत नाही, समोर टर्मिनल नसलं की लँटर्ना स्विंगची खिडकी उघडून तिच्यातच टर्मिनल दाखवते. अडलात तर वणीकडं येणंजाणं असतंच माझं, सीझन सोडून कधीही बसू.