कव्हर ऐकताना

आज कोथरूडच्या एका कॅफेत गिटार आणि कहॉनवर (पेटीच्या आकाराचं तालवाद्य) जुन्या गाण्यांची कव्हर्स झाली, म्हणजे दुसऱ्यांची गाणी पोरांनी आपल्या पद्धतीनं गायली. मजा आली, कारण पोरांनी आधी पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवली होती. काळी पाचमधलं (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी म्हणजे ‘सा’) बाईचं गाणं पुरुषानं तसंच उचललं की अंतऱ्याच्या तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) ओरडच होते. इथं ते थेट पांढरी चारमध्ये आणलेलं, म्हणजे पाच अर्धस्वर खाली. गिटारवर सी आकाराचे कॉर्ड आणि कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर. कॅपो फ्रेटला चिकटून नसला की तार झणझणते, तेही सांभाळलेलं. कराओके ट्रॅक एवढा खाली ओढला असता तर व्हायोलिनं आजारी वाटली असती.

बिघडलं ते दादऱ्यातल्या गाण्यात. सहा मात्रांचं गाणं चारच्या ठेक्यात कोंबलं आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचा शब्द भलतीकडेच पडला. लय उगाच संथ केली की श्वासही शब्दाच्या मधोमध तुटतो. (रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, वाढवून हे झाकलं जात नाही, बरं का.)

मूळ गाण्याची नक्कल ऐकायला कशाला जायचं? डॉली पार्टनचं १९७४ चं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ व्हिटनी ह्यूस्टननं १९९२ मध्ये वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजानं सुरू केलं. चाल तीच, पण गाणं तिचं झालं.