सिम्युलेटरवर दोन दिवस अडकलो, माझा अनुभव

टेरिटोरियल आर्मीत आहे म्हटलं की गावात अजूनही विचारतात, "होमगार्डात हायेस का बाप्पा?" १९४९ पासूनची फौज आहे ही. वर्षातून दोन महिने ट्रेनिंग, बाकी दिवस आपलं काम, माझी पाच एकर पऱ्हाटी. दहा महिने रायफल हातात नाही तर हात विसरतो, म्हणून रेंजवर न्यायच्या आधी सिम्युलेटरवर घेतात. वजन फौजेच्या इन्सास रायफलीचंच, गोळीऐवजी लेझर, पडद्यावर टार्गेट, खांद्याला हवेचा धक्का. गोळी खर्च होत नाही, पाऊस असला तरी चालतं. चांगलीच सोय आहे.

पण माझा नेम पास होईना. पाचही राउंड, म्हणजे गोळ्या, उजवीकडं खाली. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, म्हणाले, "ट्रिगर झटक रहा है तू." श्वास रोखला, बोट हळू दाबलं, परत तिथंच. दुसऱ्या दिवशीही तेच, सोबतचे पास होऊन रेंजवर गेले अन् मी मागं. घरी वेचणी सुरू, मजूर मिळत नाही म्हणून बाबाचा रोज फोन, अन् मी इथं एकाच लेनमध्ये पडून. गोळी सुटायच्या आधी नळी कशी हलली त्याची रेघ त्या मशीनमध्ये दिसते, ती दाखवा म्हटलं तर ऑपरेटर म्हणे टाइम नाही. अजून राग येतो मला त्याचा.

तिसऱ्या दिवशी एका हवालदार साहेबांनी रेघ लावली. सरळ! झटका नव्हताच. शेजारच्या लेनची रायफल दिली तर पाचही मधोमध. माझ्या रायफलीचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, अन् लेझर जुळलेलंच नव्हतं, ते जुळवायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

म्हणून सांगतो, राउंड विखुरले तर चूक आपली, पण सगळे एका मुठीत बसून बाजूला जात असतील तर आधी रायफल बदलून मागा, लाजू नका. अन् हो, हे आधी सांगायचं राहिलं, कॅम्पच्या महिनाभर आधीपासून घरी पालथं पडून कोपर टेकायची सवय करा, पहिले दोन दिवस कोपरं सोलून निघतात.

रेंजवर पहिल्या गोळीला मात्र डोळा मिटला, तो आवाज सिम्युलेटरवर नसतो. ती वाया गेली. बाकी चार एका मुठीत, मधोमध. घरी आल्यावर पायातले बूट काढायच्या आधी बाबाले तेच सांगितलं.