आठही कार्डांवर 'आहे तसंच'

सहावं कार्ड पुढे केलं, तेव्हा आजींनी ते बघितलंसुद्धा नाही. "तिसरं," म्हणाल्या. तिसरा पर्याय म्हणजे 'आहे तसंच राहू दे'. आधीच्या पाच कार्डांनाही हेच उत्तर होतं, पुढच्या दोनांनाही तेच आलं.

आमच्या सर्वेक्षणाची पायलट, म्हणजे चाचणी फेरी चालू होती. बांध, कुरणं, झाडांच्या रांगा असलेल्या परिसराला बाजारभाव नसतो, म्हणून त्याचं मोल लोकांच्या निवडीतून काढायचं. प्रत्येक कार्डावर दोन काल्पनिक गावं: दगडी बांध किती दुरुस्त, झाडं किती, कुरण किती उरलंय आणि खाली दरवर्षीचा जादा कर. तिसऱ्या रकान्यात बदल नाही, करही नाही. कुठली गोष्ट निवडीला किती ओढते किंवा ढकलते, त्याचा आकडा म्हणजे गुणांक, तो निवडीच्या मॉडेलमधून मिळतो. बांधाच्या गुणांकाला कराच्या गुणांकाने भागून चिन्ह उलटं केलं, की लोक बांधासाठी किती मोजतील ते निघतं. या मॉडेलचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये घातला. २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

सगळीकडे 'आहे तसंच' आलं की आम्हाला 'प्रोटेस्ट'चा संशय येतो. माणसाचा पैसे भरण्यालाच विरोध आहे, असं धरून अशी उत्तरं बऱ्याचदा वगळतात. मीही कोपऱ्यात 'प्रो' लिहून मोकळी झाले होते. (खरं सांगायचं तर भूक लागली होती.) शेवटचा, कारणाचा प्रश्न तेवढा उरला होता.

आजींनी कार्ड उचललं आणि बांधाच्या चित्रावर अंगठा ठेवला. "हा रचणार कोण?"

"त्यासाठीच तर कर, आजी."

"तुमचा माणूस एकदा रचून जाईल. पावसात दगड सुटला की बसवायचा मीच ना? म्हणजे पैसेही मी भरू आणि दगडही मीच उचलू?" मग झाडांकडे बोट. "यांच्या सावलीत पीक धरत नाही, पोरी. तुला रस्त्यावरून छान दिसतं."

मी 'प्रो' खोडलं. खर्चाच्या रकान्यात आम्ही फक्त कर धरला होता. बाईंनी स्वतःची मजुरीही धरली होती. 'किती द्याल' हा प्रश्न त्यांना लागूच नव्हता. विचारायचं होतं, हे सांभाळायला किती घ्याल?

संध्याकाळी सहकारी कुरकुरला, "एकीसाठी रकाना वाढवायचा? नमुनाही वाढवावा लागेल, आणखी माणसांना विचारावं लागेल." त्याचं खोटं नव्हतं. तरी शेतकऱ्यांसाठी कार्ड वेगळं झालं. त्यात कराच्या जागी भरपाई आली आणि तिच्याखाली वर्षाकाठी कामाचे किती दिवस, ती ओळ. झाडांचं चित्र मात्र तेच राहिलं, रस्त्यावरून काढलेलं.