यादीतून गळलेलं गाणं

कालपासून मी कुणाशी धड बोलत नाहीये आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलेलं नाही. हे दुसरं जास्त लागतंय.

झालं एवढंच. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला गाणी ठेवायची म्हणून दादाकडे बसलो होतो. वहिनीने चहा टाकला होता, अनूने फोन त्या पिटुकल्या स्पीकरला जोडला होता आणि एकेक गाणं लावून बघणं चाललं होतं. माझं आलं. आधी सतारीचा एक तुकडा, मग बासरी, तबल्याला अजून अवकाश. आणि अनूने अंगठ्याने ते पुढे ढकललं. मान वर करून पाहिलंही नाही. "हे नको आत्या, फार रडकं आहे." दादा हसला. रात्री ग्रुपवर यादी आली, तिच्यात ते नव्हतं. चौघांनी अंगठे दाखवले. पाचवा मीच दाखवला, काय करणार.

गाण्याचं नाव इथे लिहीत नाही. उगाच आणखी कुणी रडकं म्हणायला नको.

पण एवढं का लागावं? माझ्या आमटीला नावं ठेवली तर मी हसून मीठ पुढे करते. हे गाणं तर मी लिहिलेलं नाही, चाल माझी नाही, गळा तर नाहीच नाही. तरी "रडकं" हा शेरा गाण्यावर न पडता थेट माझ्यावर पडल्यासारखा वाटला. जणू इतकी वर्षं आत काय चालू असतं ते कुणीतरी उघडून पाहिलं आणि म्हटलं, शी.

झोप येईना म्हणून वाचत बसले. माँट्रियलला काही संशोधकांनी लोकांना त्यांचीच आवडती, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवून मेंदूची चित्रं घेतली, २०११ मध्ये ते छापून आलं. काटा येतो त्या क्षणी डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, सुटतं हे ठीकच. पण तो क्षण यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनेसुद्धा ते सुटायला लागतं, मेंदूच्या दुसऱ्याच एका भागात. म्हणजे माझं सुख त्या बासरीपाशीच सुरू झालेलं असतं. अंतऱ्याच्या शेवटी ती बाई श्वास कुठे चोरते आणि समेवर कशी अलगद येऊन टेकते, हे मला पाठ आहे, म्हणून मी वाट बघते. अनूला पुढचं काही ठाऊकच नाही, तर तिने वाट बघायची कशाची? तिच्या लेखी ती नुसती बासरी होती, आणि चहा गार होत होता.

पटलं. तरी लागायचं ते लागलंच.

मला वाटायचं की गोड काय आणि कर्कश काय, एवढं तरी सगळ्या माणसांना सारखंच असणार. तेही नाही. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक आहेत. आपल्या कानाला जुळलेले वाटणारे सूर आणि खटकणारे सूर त्यांना सारखेच बरे वाटतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मग हट्ट तरी कशाच्या जिवावर धरायचा? झायॉन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं १९६८ पासूनचं म्हणणं मात्र आशेचं वाटलं. एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. त्याने अर्थ नसलेले शब्द दाखवूनसुद्धा ते पाहिलं होतं. ठरवलं, अनू सुट्टीत राहायला आली की रोज सकाळी तेच लावायचं. बघू किती दिवस रडकं म्हणते.

सकाळी आईचा फोन. मी तक्रार केलीच.

"ते होय? बरं झालं गाळलं. मला कधीच आवडलं नाही ते."

तव्यावरची पोळी करपली.

"तुझ्या बाबांचं होतं ते," आई म्हणाली, आणि पुढे भाजीचं काहीतरी सांगायला लागली.

ते गाणं आईइतकं जगात कुणी ऐकलं नसेल. दर रविवारी, बाबांची दाढी होईपर्यंत, आणि कॅसेट उलटून पुन्हा. झायॉन्कसाहेबांनी आमच्या स्वयंपाकघरात एक चक्कर टाकायला हवी होती. बाबांनी ते पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाबरोबर, हे आईला माहीत असावं. मी विचारलं नाही. असो.

मग तुला काय हवंय, तर म्हणे, "बुधवारचं काहीतरी लावा की." बुधवारचं म्हणजे बिनाकाचं, रेडिओ सिलोनवर लागायची त्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या 'बिनाका गीतमाले'चं! १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलाच मराठी माणूस, यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. देशाची अभिरुची सुधारायची होती. देश उठला आणि रेडिओ सिलोनकडे गेला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. आमच्या पुण्याच्या आजोबांच्या रेडिओवर तेव्हा बातम्या चालायच्या आणि १९५५ च्या रामनवमीपासून गीतरामायण. त्याची छप्पन्नच्या छप्पन्न गाणी आईने वाड्यातल्या सगळ्यांसोबत हात जोडून ऐकली. आणि बुधवारी रात्री आठला शेजारच्या काकूंकडे "वही आणायला" जायची. दहा-बाराव्या वर्षापासून विशी उलटेपर्यंत जे कानावर पडतं ते सर्वांत घट्ट बसतं म्हणतात. आईच्या बाबतीत ते हात जोडून ऐकलेलं नव्हतं, चोरून ऐकलेलं होतं.

गाण्याचं नाव तिने सांगितलं तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला. चक्क क्लबातलं गाणं. मला अजिबात आवडत नाही ते, उथळ आहे. तोंडातून जाणारच होतं, पण गिळलं.

थोडक्यात, माझं गाणं आता घरात अधिकृतपणे कुणालाच नको आहे. बाबा असते तर दोन मतं पडली असती.

दुपारी नवी यादी टाकली. पहिल्या क्रमांकावर आईचं. वहिनीचा लगेच निरोप आला, "भटजी जेवायला बसलेले असतील तेव्हा हे वाजवायचं?" अनूने मात्र ते लावून पाहिलं आणि लिहिलं, आजी कसली भारी आहे. कुणी रडकं म्हणालं नाही. म्हणण्यासारखं नव्हतंच म्हणा.

निवेदन माझ्याकडे आलंय. गाण्याआधी केसकरांचा किस्सा सांगावा असं फार मनात आहे. फक्त "वही आणायला" हा भाग आईला विचारून घ्यावा लागेल. मामा पहिल्या रांगेत बसणार आहे आणि त्याला हे अजून ठाऊक नाही.