पंधरा वॅटांत काय काय बसेल

शनिवार, रात्र. विश्रामबाग, सांगली

वाल्व कंपनीच्या स्टीम डेकचा, म्हणजे पीसीचे गेम हातात धरून खेळायच्या यंत्राचा, पुढचा अवतार डेक २ कधी येणार, सोनी खरंच हातात मावणारं प्लेस्टेशन बनवतंय का, पुढचा एक्सबॉक्स म्हणजे सरळ पीसीच असणार का, आठवडाभर डोक्यात हेच चाललंय. असे अंदाज बांधायला मला मनापासून आवडतं. कुपवाडच्या एमआयडीसीत दिवसभर ड्राइव्ह, सेन्सर आणि पॅनेलशी गाठ असते, त्यामुळे नव्या यंत्राची बातमी आली की मी आधी बघतो ते वीज किती खाणार. अफवांमध्ये नेमकं तेच सापडत नाही. जो तो टेराफ्लॉप, म्हणजे चिपचा आकडेमोडीचा वेग, मोजत बसलेला.

माझ्याकडे डेकचं ओएलईडी मॉडेल आहे, २०२३ च्या नोव्हेंबरात आलेलं. बॅटरी ५० वॅट-तासांची. चिप पूर्ण १५ वॅटवर पळवली की स्क्रीन, मेमरी, एसएसडी, पंखा धरून बॅटरीतून वीस-बावीस वॅट जातात. म्हणजे सव्वादोन-अडीच तासांत खेळ खलास. तेच मी बाजूच्या मेनूत जाऊन चिपला सात-आठ वॅटची मर्यादा घालतो आणि फ्रेम, म्हणजे सेकंदाला उमटणारी चित्रं, ४० वर बांधतो. हेड्ससारखा गेम त्यात सुरेख चालतो, पंख्याचा आवाज जवळजवळ बंद होतो आणि चार तास सहज निघतात. मिरजेहून पुण्याला जाताना रेल्वेत मी असाच खेळतो.

हे असं होतं त्याला कारण आहे. क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. शेवटचे दहा-पंधरा टक्के फ्रेम मिळवायला जवळजवळ दुप्पट वीज जाते. म्हणून ३५ वॅटपर्यंत जाणाऱ्या रायझन एआय झेड२ एक्स्ट्रीम या एएमडीच्या चिपचे आकडे बघून मी हुरळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय एक्स या हातातल्या यंत्रात ती चिप आहे, सोबत ८० वॅट-तासांची बॅटरी. यंत्र चांगलंच आहे, पण वजन ७१५ ग्रॅम आणि अमेरिकेत आलं तेव्हा किंमत हजार डॉलर. सोनीचं जुनं हातातलं यंत्र, पहिला पीएसपी, २८० ग्रॅमचा होता. झोपून खेळताना मनगटाला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

वाल्वची भूमिका मला म्हणूनच पटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी स्टीम मशीन हा टीव्हीजवळ ठेवायचा पीसी, स्टीम फ्रेम हा डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट आणि नवा कंट्रोलर जाहीर केला, डेक २ मात्र नाही. त्यांच्या पिएर-लू ग्रिफे यांनी तेव्हा स्पष्टच सांगितलं, की तेवढ्याच बॅटरीत वीस-तीस, अगदी पन्नास टक्के जास्त कामगिरी मिळत असेल तरी ते पुरेसं नाही, आणि खरी पुढची पिढी म्हणावी अशी चिप आज बाजारात नाही. लोक यावर वैतागले. मला तर हायसं वाटलं. दरवर्षी थोडं थोडं वाढवून नवा डबा विकण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक.

माझा अंदाज २०२८ चा आहे. त्याआधी डेक २ आला तर आनंदच, पण त्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतील. पहिली म्हणजे चिप बनवण्याची प्रक्रिया. आत्ताचा डेक ६ नॅनोमीटरवर आहे; हा आकडा जितका लहान, तितकी तेवढ्याच कामाला वीज कमी. तिथून ३ किंवा २ नॅनोमीटरवर उडी मारली तरच १५ वॅटांत डोळ्यांत भरेल असा फरक पडेल.

दुसरी मेमरी, आणि माझ्या मते खरी अडचण हीच. हँडहेल्डमध्ये, म्हणजे असल्या हातातल्या यंत्रात, सीपीयू आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर जगतात. विहिरीवर साडेसात एचपीची मोटार बसवली आणि पाइप दीड इंचीच ठेवली तर पाटात पाणी काही वाढत नाही. तसंच इथे आहे. ओएलईडी डेकमध्ये सेकंदाला साधारण १०२ गीगाबाइट जातात. ग्राफिक्सचे कोअर दुप्पट करून हा आकडा तेवढाच राहिला तर कोअर नुसते वाट बघत बसतील. आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच महागली आहे. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात २४ किंवा ३२ जीबीचं स्वस्त हँडहेल्ड कोण बनवणार? पुढची दोनेक वर्षं नव्या यंत्रांत एकतर मेमरी कमी असेल, नाहीतर किंमत जास्त.

म्हणून मला निन्टेन्डोची वाट शहाणपणाची वाटते. स्विच २ मध्ये मेमरी १२ जीबीच, बॅटरी ५२२० एमएएच, आणि सायबरपंकसारखा जड गेम त्यावर चालतो. चित्र लहान काढायचं आणि डीएलएसएस या एनव्हिडियाच्या एआय तंत्राने मोठं करायचं. सोनी आणि एएमडीही प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्ट या त्यांच्या एकत्र प्रकल्पात याच दिशेला आहेत. त्यातला डेटा दाबून पाठवण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट मेमरीच्या दुखण्यावर उपाय आहे. शिवाय पीएस५ ला २०२५ मध्ये कमी विजेवर गेम चालवण्याची सोय आली. सोनी म्हणते वीज वाचवायला. असेलही, पण स्टुडिओंना आत्तापासून कमी विजेची सवय लागतेय, आणि हातातलं प्लेस्टेशन यायचं असेल तर तयारी अशीच होईल.

एआरएमवरच्या, म्हणजे फोनमध्ये असतात तशा चिपवरच्या, डेकबद्दलही बोललं जातं. स्टीम फ्रेममध्ये स्नॅपड्रॅगन ही तशीच चिप आहे आणि पीसीच्या सूचनांचं भाषांतर करणाऱ्या एफईएक्स नावाच्या थरातून त्यावर पीसीचे गेम चालवता येतात. पण त्या भाषांतरातही वीज जातेच. पुढच्या डेकमध्ये हे येईल असं मला वाटत नाही, त्यानंतरच्यात कदाचित.

आज संध्याकाळी भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा डावा स्टिक आपोआप वर सरकतो, म्हणून टेबलावर कागद पसरून आम्ही त्याचं हँडहेल्ड उघडलं. स्टिकच्या आत कार्बनची बारीक पट्टी आणि तिच्यावर घासणारा पत्र्याचा काटा. ज्या जागी काटा रोज फिरला तिथे पट्टी गुळगुळीत झाली होती, बाजूला काळी पूड. कारखान्यात आम्ही असले घासणारे पॉट, म्हणजे काटा फिरवून रोध बदलणारे भाग, कधीच काढून टाकले; तिथे आता चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत, ज्यात काही घासतच नाही. तरी २०२५ च्या स्विच २ मध्येसुद्धा हॉल स्टिक नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. डेक इथे अधिकृतपणे मिळत नाही, स्विच मिळत नाही. बाहेरून मागवलेलं यंत्र बिघडलं तर सांगलीत आपणच डॉक्टर.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. पुढच्या हँडहेल्डबद्दलच्या सगळ्या बातम्यांत मला ही सर्वात मोठी वाटते. कंपन्या युरोपसाठी वेगळा साचा काढणार नाहीत असं धरलं, तर गोंदाने चिकटवलेल्या बॅटऱ्यांपासून आपलीही सुटका होईल.

स्टिक बदलून झाल्यावर भाच्याने विचारलंच, "मामा, थांबू का हेच विकून नवीन घेऊ?"

"कशाला विकतोस? आत्ता तर नवा स्टिक बसवलाय. तीन वर्षं चालव. आणि पुढचं जाहीर झालं की पहिल्या दिवशीचे फ्रेमचे आकडे बघू नको. दहा वॅटवर काय चालतं ते कुणी मोजतंय का, ते शोध."

"आणि नाही मोजलं कुणी तर?"

"तर आपण मोजू. कारखान्यातून मीटर आणतो मी."